मायलिन घडवणाऱ्या पूर्वपेशी : कल्चरच्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२३

८ जून
उंदराच्या म्हणजे रॅटच्या मेंदूतून ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी काढून वाढवायच्या, हे काम आजपासून आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत सुरू होतंय. आमच्याकडे ते आधी कुणी केलेलं नाही. म्हणून नोंदी सविस्तर ठेवते, पुढे कुणी हात घातला तर त्याचे आठवडे वाचावेत.

थोडक्यात पार्श्वभूमी : मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंभोवती मायलिनचं वेष्टण ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी घालतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, ते वेष्टण उखडतं. ते पुन्हा घालण्यासाठी प्रौढ मेंदूतही पूर्वपेशींचा साठा असतो, एकूण पेशींच्या साधारण ५ टक्के. वय आणि आजार वाढत गेला की या पूर्वपेशी जागेवर असूनही पक्व होत नाहीत. त्या का अडतात हे बघायचं तर आधी त्या आपल्या डिशमध्ये हव्यात.

पद्धत जुनीच निवडली आहे. मॅकार्थी आणि डी व्हेलिस यांनी १९८० मध्ये मांडलेली, फ्लास्क हलवून पेशी सोडवण्याची. चुंबकी मण्यांनी किंवा अँटीबॉडीच्या डिशवर पेशी वेचणं जास्त शुद्ध, पण दर खेपेचा खर्च आमच्या अनुदानात बसत नाही. शेकर आमच्याकडे आहे.

पेशींना हात लावण्याआधीच बराच वेळ गेला. प्राणी नैतिकता समितीने अर्ज एकदा परत पाठवला, कारण किती पिल्लं लागतील हा आकडा लिहिला होता, तो कशावरून काढला ते लिहिलं नव्हतं. पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागलं. अर्जातच फ्लास्कमागे किती मेंदू, त्यातून किती पेशी आणि एका प्रयोगाला किती पेशी लागतात, हा हिशेब मांडा.

२१ जून
पेशी तळाला चिकटाव्यात म्हणून फ्लास्क आणि डिशना पॉली-डी-लायसिनचा लेप दिला. रात्रभर ठेवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतलं. मोकळं राहिलेलं लायसिन पेशींना विषारी असतं, त्यामुळे धुण्यात घाई नको. चाचणीसाठी एक डिश एकदाच धुऊन ठेवली आहे. तिच्यात काय होतं ते लिहीन.

वाढघटकांच्या कुप्या आल्या. पूर्वपेशींना विभागत ठेवणाऱ्या पीडीजीएफ-एएची १० मायक्रोग्रॅमची कुपी जीएसटी आणि शीतवाहतूक धरून वीस हजारांच्या पुढे गेली. मिलिलीटरला १० नॅनोग्रॅम या मात्रेने तिच्यात एक लिटर मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) होतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण घटक दर दुसऱ्या दिवशी ताजा घालावा लागतो.

२२ जून
पहिलं विच्छेदन. विस्टार जातीची, जन्माला एक दिवस झालेली पिल्लं. दोन दिवसांहून मोठी घेऊ नका, पेशींचं उत्पन्न घटतं.

सगळा वेळ मेंदूवरचं पातळ आवरण सोलण्यात जातो, आणि जायलाच हवा. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ते लाल रक्तवाहिन्यांच्या जाळीवरून ओळखू येतं. बाकदार टोकाचा बारीक चिमटा घेऊन पुढून, घ्राणकंदाच्या बाजूने, कडा पकडायची आणि मागे ओढत न्यायची. नीट धरलं तर दुधावरच्या सायीसारखं अख्खं निघतं. तुटलं तर तुकडे गोलार्धांच्या मधल्या खाचेत राहतात. प्रत्येक गोलार्ध उलटून पाहा. एक जरी लाल रेघ दिसली तरी परत चिमटा लावा. राहिलेल्या तुकड्यातून फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीच्या पेशी, वाढतात आणि आठवड्याभरात फ्लास्क त्यांचाच होतो.

नंतर बारीक चिरून पपेन या ऊती सुट्या करणाऱ्या विकरात, ३७ अंशांवर, अर्ध्या तासाच्या आत. मिश्रणाला तार सुटायला लागली की फुटलेल्या पेशींचा डीएनए बाहेर आलाय असं समजायचं. तेव्हा डीएनए तोडणारं थोडं डीएनेज घातलं की मोकळं होतं. पिपेटने घुसळताना फेस येऊ देऊ नका. दीड मेंदूला एक टी-७५ फ्लास्क, १० टक्के सीरम असलेल्या डीएमईएम या मीडियममध्ये.

२५ जून
पहिला मीडियमबदल. फ्लास्कमध्ये सगळा कचरा दिसतोय. मेलेल्या पेशींचे तुकडे तरंगताहेत, तळाला चिकटलेल्या पेशी तुरळक. तीन दिवसांनी चित्र असंच असतं, फ्लास्क टाकून देऊ नका. एकदाच धुतलेल्या चाचणीच्या डिशमध्ये मात्र जवळजवळ काहीच जगलेलं नाही. लेप तीनदाच धुवायचा, हे पक्कं.

२ जुलै, रविवार
दहावा दिवस. तळाला ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींची सलग चादर, आणि तिच्यावर दोन प्रकारच्या चमकदार पेशी. ज्या गोल, सुट्या, जरा धक्का लागला तरी हलतात त्या मायक्रोग्लिया, मेंदूतल्या संरक्षक पेशी. ज्या लहान, गडद, दोन टोकांना एकेक लांब शेपूट काढून बसल्या आहेत त्या आपल्या.

आधी एक तास हलवून मायक्रोग्लिया सोडवल्या आणि टाकल्या. मग ताजं मीडियम घालून २०० आरपीएमवर, ३७ अंशांच्या शेकरमध्ये, रात्रभर.

३ जुलै
सगळे फ्लास्क वाया गेले. सकाळी मीडियम जांभळं झालेलं होतं. आमचा शेकर साधा आहे, त्यात कार्बन डायऑक्साइडची सोय नाही. फ्लास्कची झाकणं मात्र गाळणीची, हवा जाऊ देणारी होती. रात्रभरात कार्बन डायऑक्साइड निघून गेला, पीएच चढला आणि पेशी मेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली नुसते काळपट गोळे.

पद्धतीच्या छापील वर्णनात हा मुद्दा बहुतेक वेळा एका ओळीत येतो किंवा येतच नाही. ज्यांच्या शेकरला वायूची जोडणी असते त्यांना तो जाणवत नाही. उपाय असा : हलवण्याआधी फ्लास्क दोन तास इन्क्युबेटरमध्ये झाकण सैल करून ठेवायचे, मीडियम नारिंगी-लाल झालं की गाळणी नसलेली भरीव झाकणं घट्ट लावायची, वरून पॅराफिल्म गुंडाळायची, मगच शेकरवर. एका खेपेची पिल्लं, सीरम आणि दहा दिवस गेले.

१५ जुलै
दुसरी खेप ४ तारखेला लावली होती, काल रात्री हलवली. भरीव झाकणांनी काम झालं. सकाळी मीडियम लालच होतं.

एका फ्लास्कवर वेग २५० केला होता, जास्त पेशी सुटतात का बघायला. त्यातली ॲस्ट्रोसाइटची चादरच उलगडून पांढऱ्या पडद्यांसारखी तरंगत होती. ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळल्यावरही तिचे तुकडे खाली आले. तो फ्लास्क टाकला. आणि २०० हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. शेकर किती मोठ्या वर्तुळात फिरतो त्यावर पेशींना बसणारा झटका ठरतो. आपल्या शेकरवर १८० पासून सुरुवात करून, चादर जागेवर आणि वरच्या पेशी सुटलेल्या, असा वेग शोधा.

सुटलेल्या पेशी कोटिंग नसलेल्या डिशमध्ये अर्धा तास ठेवल्या. मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट खाली चिकटतात, आपल्या पेशी वर राहतात. डिश हळूच फिरवून मीडियम काढलं आणि हेच पुन्हा एकदा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण शुद्धता इथे ठरते. एकदाच करून थांबलेल्या नमुन्यात मायक्रोग्लिया स्पष्ट दिसत होत्या.

मग सेंट्रिफ्यूज, सीरमविरहित मीडियमने दोनदा धुणं, आणि सातो या सीरमविरहित मीडियममध्ये पीडीजीएफ-एए आणि एफजीएफ-२ हे वाढघटक घालून लेप दिलेल्या डिशमध्ये. दोनदा धुण्याचं कारण १९८३ पासून माहीत आहे. राफ, मिलर आणि नोबल यांनी रॅटच्या दृक्‌चेतेतल्या याच पूर्वपेशींबद्दल दाखवलं होतं की सीरम मिळालं तर त्या ऑलिगोडेंड्रोसाइट न होता ॲस्ट्रोसाइटच्या वाटेला जातात. सीरमचा अंशही नको.

उत्पन्न फ्लास्कमागे दहा लाखांच्या आत-बाहेर.

२१ जुलै
पीडीजीएफ काढून टी३ दिलं, थायरॉइडचं संप्रेरक. तीन दिवसांत पेशींना फांद्या फुटल्या. काल पक्व होऊ लागलेल्या पेशी ओळखणारी ओ४ ही अँटीबॉडी लावली तर काहीच उजळलं नाही. नुसते केंद्रकं रंगवणाऱ्या डॅपीचे निळे ठिपके. अँटीबॉडी खराब निघाली असं समजून नवी मागवणार होतो, तेही महागडी.

दोष रंगवण्याच्या क्रमात होता. ओ४ आणि पूर्वपेशी ओळखणारी ए२बी५ या अँटीबॉडी ज्यांना चिकटतात ते पेशीच्या पटलावरचे स्निग्ध रेणू आहेत. आमच्या नेहमीच्या पद्धतीत आधी ट्रायटन लावून पटलाला भोकं पाडतात. ट्रायटन हे डिटर्जंट आहे, ते ओ४चं लक्ष्यच धुऊन नेतं. आज उरलेल्या कव्हरस्लिपवर क्रम बदलला : जिवंत पेशींवर थंड मीडियममध्ये ओ४ लावायचं, मग पेशी स्थिर करायच्या, मग ट्रायटन, मग आतल्या प्रथिनांच्या अँटीबॉडी. तीच कुपी, तेच पातळीकरण, आणि सिग्नल लख्ख. प्रत्येक पेशीच्या फांद्यांचं जाळं शेवटच्या टोकापर्यंत दिसत होतं. खूप वेळ आयपीसवरून डोळा हटवला नाही.

एमबीपी या मायलिनच्या प्रथिनासाठी ट्रायटन लागतंच, ते पेशीच्या आत आहे. दोन्ही एकाच कव्हरस्लिपवर हवे असतील तर हाच क्रम पाळा.

३ ऑगस्ट
तिसऱ्या खेपेत पेशी न सांगता पक्व व्हायला लागल्या. पीडीजीएफ आणि एफजीएफ दोन्ही असताना, टी३ नसताना, दोनच दिवसांत बऱ्याच पेशींना फांद्या. दोन टोकांच्या, विभागणाऱ्या पेशी अर्ध्याच उरल्या. पूर्वपेशी वाढवण्यातली खरी अडचण हीच आहे. काढणं जमतं, जगवणंही जमतं. त्यांना पूर्वपेशी म्हणूनच टिकवणं अवघड. विभागण्याचा निरोप जरा कमी पडला की त्या लगेच पक्व व्हायला लागतात, आणि एकदा पक्व झाल्या की विभागत नाहीत.

निदानासाठी तीन डिश लावल्या. एकीत पीडीजीएफ नाही, दुसरीत आमच्या वापरातला, तिसरीत न उघडलेल्या कुपीतला.

५ ऑगस्ट
पहिली आणि दुसरी डिश एकसारख्या. तिसरीत पेशी दोन टोकांच्या आणि भरपूर. म्हणजे वापरातला पीडीजीएफ मेला होता. तो नुसत्या बफरमध्ये, कमी तीव्रतेने विरघळवून साध्या ट्यूबमध्ये ठेवला होता आणि गरजेनुसार वितळवून पुन्हा गोठवला जात होता. इतकं विरळ प्रथिन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून जातं, आणि प्रत्येक वितळण्यात उरलेलं बिघडतं.

आता ०.१ टक्का बीएसए हे प्रथिन घालून, एकदाच वापरायच्या छोट्या वाटण्या करून, कमी चिकटणाऱ्या ट्यूबमध्ये, उणे ८० अंशांवर ठेवतो. वितळलेली वाटणी परत गोठवायची नाही, उरली तर फेकायची. फेकताना जीव तुटतो, पण एका डिशचं कल्चर त्या वाटणीपेक्षा महाग पडतं. शिवाय पेशी फार दाट लावू नका. दाट डिशमध्ये त्या लवकर पक्व होतात. चौरस सेंटिमीटरला दहा हजारांच्या आसपास आम्हाला मानवतं.

१० ऑगस्ट
कामाची नोंद नाही, पण इथे लिहून ठेवायला हवं. मावशीचा फोन आला. तिच्या ओळखीतल्या एका मुलीला एमएस आहे. एका दवाखान्याने स्टेम सेलची इंजेक्शनं सुचवली, काही लाखांचा खर्च सांगितला. "अगं, तू याच पेशींवर काम करतेस ना? मग घेऊ दे का तिला?"

मी सांगितलं, "मावशी, नको. त्यांना आधी विचारायला सांग, की नेमक्या कोणत्या पेशी देताय आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक काय." अशा ठिकाणी बहुतेक वेळा अस्थिमज्जेतल्या किंवा नाळेतल्या मेझेन्कायमल पेशी देतात. त्या मायलिन बनवत नाहीत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : ठरावीक रक्तविकारांसारख्या मान्य आजारांमधलं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. अशी चाचणी सीटीआरआय या भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत सापडते, आणि तिच्यात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की तिथून उठायचं.

एमएससाठी स्वतःच्याच रक्तपेशींचं प्रत्यारोपण हा वेगळा विषय आहे. त्यात रोगप्रतिकारयंत्रणा पुसून नव्याने उभी करतात, मायलिन घडवणाऱ्या पेशी देत नाहीत. त्याबद्दल त्या मुलीने तिच्या न्यूरॉलॉजिस्टशीच बोलावं, हेही मावशीला सांगितलं. फोन ठेवल्यावर ती सगळं तिच्या आईला नीट सांगेल की नाही याची काळजी वाटत राहिली, म्हणून रात्री लिहून पाठवलं.

२३ ऑगस्ट
चांद्रयान उतरलं. सगळी प्रयोगशाळा एका स्क्रीनभोवती होती. मीडियम त्यानंतर बदललं, पेशींना तासाभराने काही फरक पडला नाही.

सकाळच्या वाचनात मानवी पेशींचा विषय निघाला. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठात स्टीव्ह गोल्डमन यांच्या गटाने २००८ मध्ये मानवी ग्लियल पूर्वपेशी शिव्हरर जातीच्या उंदरांच्या (रॅट नव्हे, लहान माऊस) नवजात पिल्लांच्या मेंदूत सोडल्या. या उंदरांत एमबीपीचं जनुकच तुटलेलं असतं. ते थरथरतात आणि साधारण पाच महिन्यांत मरतात. पेशी दिलेले काही उंदीर वर्षाहून जास्त जगले, आणि त्यांच्या मेंदूभर माणसाच्या पेशींनी घातलेलं मायलिन होतं. २०१३ मध्ये याच गटाने त्वचेपासून तयार केलेल्या आयपीएस पेशींपासून, म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींपासून, पूर्वपेशी घडवून हेच दाखवलं.

हे वाचून हुरूप येतो, आणि मग वेळेचा हिशेब समोर येतो. आमच्या रॅटच्या पेशी दोन आठवड्यांत हाती येतात. आयपीएस पेशींपासून त्या कामाला चार-पाच महिने लागत. २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने ते ७५ दिवसांवर आणलं. इतके दिवस रोज किंवा दिवसाआड मीडियम, वाढघटक, आणि मध्ये एकदा जरी जंतू शिरले तर पहिल्यापासून. आमच्या डिशमध्ये आता दहातल्या नऊ पेशी ओलिग२, म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइटच्या घराण्याची खूण, दाखवतात. इथे तेवढं चालतं. माणसाच्या मेंदूत सोडताना उरलेली दहावी पेशी कोण आहे हे ठाऊक असावं लागतं, कारण तिच्यात न बदललेली आयपीएस पेशी असली तर गाठ होऊ शकते. पेलिझॉस-मर्झबाखर या, मायलिन नीट न बनण्याच्या, जन्मजात आजाराच्या चार मुलांना चेतास्टेम पेशी दिल्याचा अहवाल २०१२ चा. त्यातही मुख्य प्रश्न सुरक्षिततेचाच होता. ही सावधगिरी मला पटते.

२१ सप्टेंबर
गणपतीच्या सुट्टीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला. १९ तारखेला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमचे तंत्रज्ञ काका सहज डोकावले आणि त्यांनी बदलला. ताज्या लावलेल्या डिश गेल्या, मिश्र कल्चरचे फ्लास्क तगले. ॲस्ट्रोसाइट चिवट असतात. आता दोन सिलिंडर आपोआप बदलणारी जोडणी लावली आहे. खर्च एका खेपेच्या सीरमइतकाही झाला नाही. ती पहिल्याच आठवड्यात लावायला हवी होती. सणांची यादी पाहून विच्छेदनाच्या तारखा ठरवायच्या, हा नियमही भिंतीवर लावलाय.

याच आठवड्यात मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी केली, नकारात्मक. दर महिन्याला करतो. डोळ्याला काहीच दिसत नाही आणि पेशी नुसत्या मंदावतात, त्यामुळे ही चाचणी वगळली तर तुम्ही औषधाचा परिणाम म्हणून भलतंच काही लिहून बसाल.

१२ ऑक्टोबर
पेशी खरोखर गुंडाळतात का, हे बघायला चेतापेशी वाढवायची गरज नाही. पॉलिस्टायरिनचे बारीक तंतू पुरतात. २०१२ मध्ये दाखवलं गेलंय की तंतू ०.४ मायक्रॉनहून जाड असला तर ऑलिगोडेंड्रोसाइट त्याला वेष्टण घालतात, तंतू निर्जीव असला तरी. तंतूंच्या तयार प्लेट महाग आहेत. शेजारच्या विभागात तंतू कातण्याचं विजेचं यंत्र होतं, तिथे २ मायक्रॉनच्या आसपासचे करून घेतले. पहिल्या वेळी तंतू मीडियममध्ये सुटून गोळा झाले. कडेला सिलिकॉनची कडी लावल्यावर बसले.

टी३ दिल्यानंतर सातव्या दिवशी एमबीपी लावून कॉन्फोकलवर पाहिलं. सरळ लाल नळ्या, एका पेशीपासून निघून शेजारच्या चार-पाच तंतूंवर बसलेल्या. आडव्या छेदात तंतूची काळी पोकळी आणि तिच्याभोवती पूर्ण वर्तुळ. सगळ्यांना बोलावून दाखवलं.

२७ ऑक्टोबर
गोठवण्याचं अजून पुरतं जमलेलं नाही. १० टक्के डीएमएसओ या गोठताना पेशी वाचवणाऱ्या द्रवात गोठवलेल्या पूर्वपेशींतल्या निम्म्याहून कमी वितळल्यावर चिकटतात. त्यामुळे सध्या प्रत्येक प्रयोगाला ताज्या पेशी. मिश्र कल्चरचा फ्लास्क मात्र एकदा हलवल्यावर परत मीडियम घालून ठेवला तर आठवड्याभराने दुसरं पीक देतो. उत्पन्न कमी, ॲस्ट्रोसाइट थोडे जास्त, पण रंगवण्याच्या चाचण्यांना चालतं. पिल्लंही कमी लागतात.

पुढचं काम प्रौढ रॅटच्या पूर्वपेशींवर. त्या नवजात पेशींपेक्षा खूप सावकाश विभागतात. जुन्या मोजणीत नवजातांचं चक्र सुमारे १८ तासांचं आणि प्रौढांचं ६५ तासांचं आहे. हलवण्याची पद्धत तिथे चालत नाही, त्यामुळे चुंबकी मण्यांसाठी वेगळा अर्ज केलाय. २०१९ मध्ये मेटफॉर्मिनने म्हाताऱ्या रॅटच्या पूर्वपेशी पुन्हा पक्व होऊ लागल्याचं दाखवलं गेलं. मधुमेहाची ही गोळी आपल्याकडे स्वस्त आणि घरोघरी माहीत असलेली आहे, म्हणून आधी तीच तंतूंच्या प्लेटवर तपासायची. प्लेटच्या अर्ध्या विहिरींत, म्हणजे खळग्यांत, मेटफॉर्मिन, अर्ध्यांत नुसतं पाणी, आणि मोजणाऱ्याला कुठली कुठली ते सांगायचं नाही. मणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतील असं पुरवठादाराचं म्हणणं आहे. ते दिवाळीत अडकू नयेत म्हणून प्रौढ प्राण्यांची तारीख महिनाअखेरची घेतली आहे.